माशाच्या परासारखी बोटं



टोमॅटो उचलताना किती जोर लावायचा, हे तुम्हांला कुणी शिकवलं नाही. बोटं आपोआप वळतात आणि वेळीच थांबतात. यंत्रमानवाला मात्र हे फार अवघड जातं. त्याचा लोखंडी चिमटा एकसारखे बोल्ट झटपट उचलतो. पण दोन टोमॅटो कधीच सारखे नसतात!

यावर एक उपाय माशाने सुचवला. माशाच्या शेपटीचा पर बाजूने दाबला, तर तो दूर जाण्याऐवजी आपल्या बोटाकडेच वाकतो. ही गंमत १९९७ साली जर्मनीच्या लाइफ क्नीझे यांनी हेरली.

घरी करून पाहा. जाड कागदाच्या दोन लांब पट्ट्या टोकाशी चिकटवा आणि खाली फाकवा. मध्ये शिडीसारख्या आडव्या पट्ट्या टेपने जोडा. खालची टोकं घट्ट धरून एका बाजूला मध्यावर दाबा. वरचं टोक तुमच्याकडे झुकेल. अशी दोन रबरी बोटं समोरासमोर बसवली, की ती टोमॅटोला अलगद कवेत घेतात. किती वाकायचं, याचा हिशेब आम्हां सॉफ्टवेअरवाल्यांना प्रोग्रॅममध्ये लिहावा लागत नाही. बोटाचा आकारच तो करतो.

पण नुसता मऊपणा पुरत नाही. थंडीत बोटं बधिर झाली की कोटाचं बटण लागत नाही, हो ना? बोटं हलतात, पण त्यांना काही कळत नाही. रबरी बोटाचं तसंच आहे. वस्तू निसटली की तिरकी झाली, त्याला पत्ताच नसतो. वरून कडक सेन्सर चिकटवावा, तर मऊपणा जातो.

म्हणून अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेत संशोधकांनी २०२२ साली अशा बोटाच्या आतच कॅमेरा बसवला. बोटावर मऊ गादी असते. वस्तू टेकली की ती दबते, तिच्यावरच्या खुणा सरकतात आणि कॅमेरा ते आतून पाहतो. खरी अडचण निराळीच होती. बोट नुसतं वाकलं, तरी चित्र बदलतं! तेव्हा ‘मी वाकलो’ आणि ‘मला काही लागलं’ यांतला फरक संगणकाला ओळखावा लागतो. तो साधला, आणि त्या बोटांनी उंच दांड्याचा काचेचा पेला सरळ करून नीट ठेवून दाखवला.

आपण हा फरक दिवसभर ओळखत असतो. आज वरणभात हाताने कालवताना बोटांकडे जरा लक्ष द्या. आणि हो, तुमची कागदी बोटं पुढच्या रविवारी वर्गात आणा. कात्री चालवायला आई-बाबांची मदत घ्या!