डिसेंबरची करंजी

बिद्रीत डिसेंबर येतो तो मळीच्या वासाने. कारखान्याचा गळीत हंगाम रंगात आलेला असतो, गारगोटी रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि घराघरांतला दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेलेला असतो. चिवड्याचा चुरा, चकल्यांचे तुकडे, कडक झालेला एखादा लाडू. माझ्या लहानपणी नेमक्या याच दिवसांत आमच्या घरी दुसऱ्यांदा फराळ यायचा. २५ तारखेला सकाळी गावातल्या नर्सबाई क्रोशाच्या रुमालाने झाकलेले स्टीलचे ताट घेऊन सोप्यात उभ्या राहायच्या आणि आईला म्हणायच्या, "वैनी, हे घ्या. आज आमची दिवाळी."

ताटात करंज्या असायच्या, शंकरपाळ्या असायच्या, एका बाजूला चकली आणि मधोमध घरी केलेली बिस्किटे. बिस्किटे सोडली तर दीड-दोन महिन्यांपूर्वी आमच्याच घरातून त्यांच्याकडे गेलेले ताट जणू परत आले आहे, असे वाटावे.

या ताटाकडे अभ्यासाचा विषय म्हणून मी फार उशिरा पाहिले. महाविद्यालयात मराठी शिकवत असताना सण आणि खाद्यसंस्कृती यांवर वर्गात बोलत होते. नर्सबाईंच्या ताटाची गोष्ट सांगितली, तर एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, "मॅडम, म्हणजे त्यांनी आपला फराळ उचलला ना?" तिच्या स्वरात राग नव्हता. आपली वस्तू शेजारच्या घरी दिसली की माणूस जसे विचारेल, तसे तिने विचारले होते. मी तेव्हा "तसं नसतं गं" एवढेच म्हणाले. ते उत्तर नव्हते. या लेखात ते शोधायचा प्रयत्न करते आहे.

मिशनने काय आणले, काय आणले नाही

कोल्हापूर संस्थानात ख्रिस्ती मिशनचे काम सुरू झाले ते १८५२ मध्ये, रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यामुळे. पुढे हे काम अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. कोल्हापूरचे वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांचेच नाव सांगते. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले आणि या साऱ्या भागातील कितीतरी मुली परिचारिका होऊन गावोगाव गेल्या. आमच्या नर्सबाई मिरजेकडच्याच.

शाळा आली, दवाखाना आला, छापलेले पुस्तक आले. पण नाताळचे म्हणून खास गोडधोड मिशनबरोबर फारसे आले नसावे, असे माझे अनुमान आहे. त्याचे कारण या पंथाच्या इतिहासात सापडते. प्रेस्बिटेरियन परंपरेचे माहेर स्कॉटलंड. तिथे १६४० मध्ये कायद्यानेच नाताळची सुट्टी बंद झाली आणि २५ डिसेंबर पुन्हा सार्वजनिक सुट्टीचा दिवस व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. याच विचारांच्या जवळच्या प्युरिटन लोकांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. बायबलमध्ये ज्याचा आदेश नाही तो सण कशाला, अशी त्यामागची भूमिका. एकोणिसाव्या शतकात ती सैल होत गेली. तरी ज्या परंपरेने सणाकडेच संशयाने पाहिले, तिच्याजवळ सणाच्या पक्वान्नांची पेटी भरलेली असणार नाही, हे उघड आहे.

म्हणजे कोल्हापूरकडच्या नव्या ख्रिस्ती घराला सण मिळाला, पण त्याचे ताट रिकामे होते. ते भरायला चुलीजवळ जे होते तेच कामाला आले.

गोव्याचे ताट वेगळे का?

दाजीपूरचा घाट उतरून खाली गेले, की तळकोकण आणि त्यापलीकडे गोवा. तिथले नाताळचे ताट मात्र वेगळे दिसते. कॅथलिक पोर्तुगीजांना सणांचे वावडे नव्हते. अंड्यांच्या बलकाची थरांवर थर भाजलेली बेबिंका, नारळ आणि रव्याच्या बोलिन्या, पेरूची वडी 'पेराद' हे सारे त्या ताटात आले. आपण ज्याला पेरू म्हणतो तो शब्दही पोर्तुगीजच. काजू त्यांनीच ब्राझीलमधून आणला, आणि वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन घरांत बदामाच्या मार्झिपॅनमध्ये बदामाची जागा त्याने सहज घेतली.

पण त्याच गोव्याच्या ताटात 'नेवरी' असते. नेवरी म्हणजे आपली करंजी. गोव्यातल्या हिंदू घरांत ती चवथीला होते, ख्रिस्ती घरांत नाताळला. ही गोष्ट साधी नाही. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने जे फर्मान काढले, त्यात नवख्रिस्ती लोकांनी हिंदूंप्रमाणे अळणी भात शिजवून वरून मीठ घालू नये, दारात तुळस लावू नये, इथवर बारीक मनाया होत्या. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात या मनायांची नोंद घेतली आहे. भातातल्या मिठापर्यंत पोचलेल्या त्या नजरेखालून नेवरी मात्र आजपर्यंत टिकून राहिली.

तिच्या शेजारी असते कुलकुल. मैद्याच्या पिठात नारळाचे दूध घालायचे, छोटी गोळी फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, तळायची आणि साखरेच्या पाकात घोळायची. शंकरपाळी आणि कुलकुल यांत पीठ, साखर आणि कढई समान आहे. फरक आहे तो आकाराचा. एक सुरीने कातली जाते, दुसरी फणीवर वळली जाते.

कढई आणि भट्टी

मग नर्सबाईंच्या ताटातली बिस्किटे कुठून आली? इंग्रजीत आज ज्याला 'कुकी' म्हणतात तो शब्द मूळचा डच, अर्थ 'छोटा केक'. डच वसाहतींतून तो अमेरिकेत रुजला. आपल्याकडचा तिचा जुना भाऊबंद म्हणजे नानकटाई. नावाचा पहिला भाग फारसी 'नान', म्हणजे रोटी. दुसरा 'खताई', म्हणजे चीनकडची. सुरतेच्या डच वखारीच्या बेकरीतून ती गुजरातेत रुजली, असे तिकडे सांगतात.

आपल्या घरांत बिस्किटे झाली नाहीत, याला धर्मापेक्षा भट्टीचा अभाव हे कारण मोठे आहे. तळायला एक कढई आणि सरपण पुरते. भाजायला चारही बाजूंनी सारखी कोरडी आच लागते, आणि अशी भट्टी घरोघरी परवडत नाही. म्हणून गोव्यात बेबिंकेच्या भांड्यावर निखारे ठेवून वरून आच देत. आमच्याकडे डब्यात पीठ, साखर आणि डालडा घेऊन बायका बेकरीत जात. मुरगूडच्या बेकरीत नर्सबाईंबरोबर मीही गेले आहे. पावांचा घाणा निघाला की भट्टीची आच थोडी उतरायची. तेव्हा आमच्या बिस्किटांचे पत्रे आत सरकवले जायचे. आपले पत्रे ओळखू यावेत म्हणून नर्सबाई प्रत्येक पत्र्यावरच्या एका बिस्किटात चारोळी खोचून ठेवत.

त्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. बिस्किटाच्या पिठात डालडा आणि साखर आधी फेसून मग मैदा घालायचा, आणि पाणी जवळजवळ नाहीच. "तुझी आई करंजीला कडकडीत मोहन घालती, का गं? तेच हे," त्या म्हणाल्या. पुढे वाचनातून उलगडा झाला. मैद्यात पाणी पडून मळणी झाली, की त्यातल्या प्रथिनांचे चिवट धागे तयार होतात; पोळी लाटता येते ती त्यामुळेच. तुपाने पिठाच्या कणांना आधीच वेढले, तर पाणी पुरते आत शिरत नाही, धागे आखूड राहतात आणि पदार्थ खुसखुशीत होतो. करंजीतले मोहन आणि बिस्किटातला डालडा एकच काम करतात. म्हणून मोहन कमी पडलेली करंजी आणि तूप कमी पडलेली नानकटाई सारखीच दाताला लागते.

साखर कोणाची?

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येते. "आपला फराळ" हा तिच्या प्रश्नातला खरा शब्द.

नर्सबाई एकदा सांगत होत्या, त्यांच्या आजीच्या काळी नाताळला करंजी नव्हतीच. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून केलेल्या कापण्या, आणि असलेच तर वर थोडी खसखस. आजी दुसऱ्याच्या शेतात राबणारी. मुलगी मिशनच्या शाळेत शिकली, पगार सुरू झाला, तेव्हा मैदा आणि साखर घरात आली. म्हणजे त्यांनी करंजी कुणाची 'उचलली' नव्हती. पहिल्या पगारावर विकत आणलेल्या सामानातून ती झाली होती.

मी घरी येऊन माझ्या आजीला विचारले. ती हसून म्हणाली, "आमची दिवाळी तरी कुठली साखरंची? गुळाच्या कापण्या न् कानुलं. साखर पावण्याच्या च्यात." आमचे घर तर गुऱ्हाळ असलेल्यांपैकी. पांढऱ्या साखरेचा, मैद्याचा, पाच-सात जिन्नसांचा जो फराळ आज आम्ही परंपरेचा म्हणून सांगतो, तो आमच्या घरात एका पिढीपूर्वी आला. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखान्याची सुरुवात झाली, तशी इतरत्र कारखानदारी वाढत गेली. आमच्या भागात दूधगंगा-वेदगंगा कारखाना उभा राहिला. सभासदांना सवलतीची साखर मिळू लागली आणि आईच्या करंज्या पांढऱ्या झाल्या. त्याच पोत्यातली दोन-तीन किलो साखर डिसेंबरात नर्सबाईंकडे उसनी जायची. आमची दिवाळी आणि त्यांचा नाताळ एकाच साखरेने, जवळपास एकाच काळात गोड झाला.

साखरेचा माग आणखी दूरवर नेता येतो. संस्कृत 'शर्करा' फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर' आणि त्यातून युरोपातली 'शुगर'. 'खंड' चा 'कंद' होऊन 'कँडी' झाली. जर्मनीत नाताळला 'पेफरन्यूसे' नावाची छोटी मसालेदार बिस्किटे करतात. त्या नावाचा शब्दशः अर्थ 'मिरीची कवचफळे'. मिरी आणि वेलची सह्याद्रीच्या दक्षिण अंगाची. युरोपातल्या नाताळच्या डब्यात आपल्या डोंगराचा वास आहे, पण त्याबद्दल त्यांनी आपले काही उचलले असे कुणी म्हणत नाही. ती शंका आपल्याला शेजारच्या घराबद्दलच का यावी?

एक कबुली

इथवर आल्यावर आमच्या घरातले एक सत्य लपवणे बरे नाही. पहिली काही वर्षे नर्सबाईंचे ताट आमच्या स्वयंपाकघरात जात नसे. आई ते हसून घ्यायची, सोप्यातल्या फळीवर ठेवायची आणि संध्याकाळी गड्याला देऊन टाकायची. आम्हा मुलांना एक करंजीही मिळायची नाही. कारण कुणी बोलून दाखवले नाही. सगळ्यांना ठाऊक होते. आमचे ताट त्यांच्या घरात आनंदाने खाल्ले जात होते आणि त्यांचे आमच्या उंबऱ्याबाहेर थांबत होते.

पुढे 'स्मृतिचित्रे' शिकवताना हे आठवून मी अडखळले. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्म्याच्या आधीच, कुणाच्याही हातचे खायचे असे ठरवले. त्यांच्यात बदल झाला तो आधी ताटावर, आणि चर्चमध्ये नंतर. आमच्या घरी तसा एखादा क्षण आला नाही. धाकट्या भावाला टायफॉइड झाला, नर्सबाई आठवडाभर सकाळ-संध्याकाळ यायच्या, आणि ताप उतरल्यावर त्याने पहिले मागितले ते त्यांचे बिस्किट. आईने ते दुधात बुडवून आपल्या हाताने भरवले. त्या वर्षीचे ताट फळीवर राहिले नाही. आईने त्याबद्दल कधी काही म्हटले नाही, आणि नर्सबाईंनीही विचारले नाही. आधीची ताटे कुठे जात होती, हे त्यांना माहीत नसेल असे मला वाटत नाही.

नर्सबाई निवृत्त होऊन मिरजेला गेल्या, त्यालाही आता खूप वर्षे झाली. जाताना घाईत एक ताट आमच्याकडे राहिले. त्याच्या मागे ठिपक्यांनी त्यांच्या सासूबाईंचे नाव कोरलेले आहे. आमच्याकडे ताट रिकामे परत देत नाहीत, म्हणून आई प्रत्येक वेळी "करंज्या झाल्या की देऊ" म्हणायची आणि ते राहून जायचे. यंदा करंज्या करून, त्याच ताटात भरून मी मिरजेला जाणार आहे. त्या विद्यार्थिनीलाही बरोबर चल म्हटले आहे. तिने होकार दिला आहे, आणि बिस्किटांना डालडा किती लागतो, हे विचारून घ्यायला सांगितले आहे.