इंडस क्रीडचा दुसरा अल्बम : अनुकरणाकडून स्वत्वाकडे

प्रस्तावना :
महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांचा रॉक बँड इंग्रजी गीते सादर करतो, तेव्हा 'हे तर पाश्चात्त्यांचे अनुकरण' असा अभिप्राय आपण प्राध्यापकवर्ग सहज देतो. साकीनाक्यालगतच्या पवईतील आय.आय.टी.च्या 'मूड इंडिगो' महोत्सवासारख्या व्यासपीठांवरून अनेक तरुण बँड पुढे आले. त्यांच्या निर्मितीचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हा प्रश्न शैक्षणिकदृष्ट्याही महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात मुंबईच्या 'इंडस क्रीड' या बँडच्या 'इव्हॉल्व्ह' (२०१२) या अल्बमच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रोग्रेसिव्ह रॉक : संकल्पना
१९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हा प्रवाह उदयास आला. 'किंग क्रिम्सन', 'येस', 'जेनेसिस' हे त्याचे प्रमुख प्रतिनिधी होत. कडवे व ध्रुपद यांची ठरावीक आवर्तने सोडून दीर्घ रचना करणे, एकाच गीतात लय व भाव बदलणे, तसेच विषम मात्रांचे ताल योजणे ही त्याची लक्षणे सांगता येतील. 'पिंक फ्लॉइड'चे 'मनी' (१९७३) हे गीत बव्हंशी सात मात्रांत बांधलेले आहे. रूपक तालाशी परिचित असणाऱ्या आपल्या श्रोत्याला ही मात्रासंख्या अपरिचित वाटू नये.

या प्रवाहात दुसरा अल्बम ही कसोटी ठरते. पहिल्या अल्बममागे अनेक वर्षांचा संचय असतो. दुसऱ्यात नवे काही सांगावे लागते. 'किंग क्रिम्सन'च्या १९७० मधील दुसऱ्या अल्बमवर पहिल्याच्याच आराखड्याची पुनरावृत्ती केल्याची टीका झाली होती.

पार्श्वभूमी :
१९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड स्थापन झाला. 'रॉक अँड रोल रेनेगेड' (१९८८) व 'द सेकंड कमिंग' (१९९०) हे त्याचे अल्बम. गीते स्वरचित होती; मात्र त्यांचा बाज पाश्चात्त्य हार्ड रॉकचा होता. १९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले. सिंधू नदीचा निर्देश करणारे हे नाव आत्मशोधाचेच द्योतक होय. या नावाने १९९५ मध्ये निघालेल्या पहिल्या अल्बममध्ये रॉकला भारतीय वाद्यांची जोड देण्यात आली. १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. २०१० मध्ये तो पुन्हा एकत्र आला व नव्या नावाने दुसरा अल्बम तब्बल १७ वर्षांनंतर प्रसिद्ध झाला.

'इव्हॉल्व्ह'मधील परिवर्तन :
उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर (गिटार) व झुबिन बालापोरिया (कीबोर्ड) या जुन्या सदस्यांना रुशाद मिस्त्री (बास) व जय राव कवी (ड्रम) हे तरुण वादक येऊन मिळाले. अल्बमचे ध्वनिमिश्रण टिम पामर यांनी केले. प्रोग्रेसिव्ह रॉकमधील 'पॉर्क्युपाइन ट्री' या बँडच्या 'इन अॅब्सेन्शिया' (२००२) या अल्बमचे मिश्रणही त्यांचेच होते.

१९९५ मध्ये भारतीयत्वाची खूण वाद्यांच्या निवडीतून दिसत होती. 'इव्हॉल्व्ह'मध्ये त्या खुणेवर भर नाही. येथे लक्ष रचनेच्या अंतर्गत बांधणीकडे वळते. गीते सावकाश उलगडतात. गिटार व कीबोर्ड केवळ साथ न करता गीताची दिशा ठरवतात. हा संपूर्ण अर्थाने प्रोग्रेसिव्ह रॉक नव्हे. हार्ड रॉकचा पाया कायम आहे. परंतु त्या प्रवाहाकडून रचनेचा विस्तार व संयम बँडने आत्मसात केला आहे, असे म्हणता येईल.

येथे एक आक्षेप संभवतो. भाषा इंग्रजी, वाद्येही पाश्चात्त्य. मग स्वत्व कोठे? आक्षेप निराधार नाही. इंग्रजीमुळे या संगीताचा श्रोतृवर्ग मर्यादित राहिला, हे मान्य करावे लागते. तथापि तबला आला की स्वत्व आले, असेही समीकरण मांडता येत नाही. कादंबरी हा साहित्यप्रकार पाश्चात्त्य संपर्कातून मराठीत आला व येथे रुजला; आज कोणी त्याला अनुकरण म्हणत नाही.

निष्कर्ष :
१. कलात्मक विकास हा बाह्य चिन्हांपेक्षा रचनेच्या बांधणीतून अधिक विश्वसनीयपणे ओळखता येतो.
२. अनुकरण ही अनेकदा निर्मितीची पहिली पायरी असते. तेथेच थांबणे हा दोष होय.
३. म्हणून विद्यार्थ्यांच्या बँडचे परीक्षण करताना 'हे कोणासारखे आहे?' एवढेच न विचारता 'मागील रचनेपेक्षा येथे नवे काय आहे?' हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाने विद्यार्थी गप्प होतो. दुसऱ्याने तो पुढील रचनेस प्रवृत्त होतो.