बीजकाशिवाय हिशेब

कचेरीचें काम वाढलें, कागदांचे ढीग साचूं लागले, म्हणजे यंत्र आणण्याची सूचना प्रथम पुढें येते. कारकून जी बेरीज घटकाभर करीत बसे ती यंत्र क्षणांत करील आणि काम आपोआप उरकेल, अशी त्यामागची अपेक्षा. ती अगदींच खोटी नव्हे. परंतु जें काम मुळांत करावयासच नको होतें, तें यंत्रानें कितीही त्वरेनें केलें तरी निरुपयोगीच राहतें. हा भेद अमेरिकेंतील फोर्ड या मोटार-कंपनीला कसा उमगला, ती हकीकत मायकेल हॅमर यांनीं १९९० सालीं ‘हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकांत सांगितली.

गोष्ट १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांची. पुरवठादारांचीं देणीं चुकविण्यासाठीं फोर्डचें एक खातें होतें आणि एकट्या उत्तर अमेरिकेंतच त्यांत ५००हून अधिक माणसें काम करीत. कामाची थोडी नीटनेटकी मांडणी करून नवे संगणक बसविले, तर ४०० माणसांत भागेल, असा चालकांचा अंदाज होता. २० टक्के बचत ही कांहीं लहानसहान गोष्ट नव्हे. तेवढ्यांत त्यांची दृष्टि जपानच्या माझदा कंपनीकडे गेली. तेथें हेंच काम ५ माणसें करीत होतीं! माझदा पुष्कळच लहान कंपनी, हें खरें. पण तो फरक वजा घातला तरी फोर्डचें खातें असावें त्याच्या पांचपट मोठें ठरत होतें. एवढें अंतर नुसत्या यंत्रांनीं भरून निघणें शक्य नव्हतें.

मग कागदांच्या प्रवासाची तपासणी झाली. खरेदी-खातें माल मागवी व मागणीपत्राची एक प्रत देणें-खात्याकडे पाठवी. माल आला कीं धक्क्यावरचा कारकून तो उतरवून घेई आणि मालपावती त्याच खात्याकडे धाडी. पुरवठादाराचें बीजकही तेथेंच येई. हे तीन कागद जुळले तर पैसे द्यावयाचे. जुळवावयाच्या बाबी एकंदर १४. बहुतेक वेळां त्या जुळत. जेथें जुळत नसत तेथें खरी कटकट. समजा, मागणीपत्रांत १०० नग, पावतींत ९०, बीजकांत पुन्हा १००; कीं शोध सुरू, आणि तोंवर पैसे अडकलेले. खात्याचा बहुतांश वेळ या मोजक्या, न जुळणाऱ्या कागदांपायींच खर्ची पडे. नव्या संगणकानें हा शोध जलद झाला असता. शोध घेणें मात्र चुकलें नसतें.

तेव्हां फोर्डच्या लोकांनीं बीजकच काढून टाकलें. काय मागविलें हें खरेदी-खात्याला ठाऊक असतें, काय आलें हें धक्क्यावर डोळ्यांना दिसतें. तिसरा कागद नवें असें काय सांगणार? मागणीची नोंद संगणकांतील एका सामाईक वहींत होऊं लागली. माल येतांच धक्क्यावरचा माणूस ती नोंद पाही. माल मागणीबरहुकूम असला तर स्वीकारावयाचा, नसला तर परत पाठवावयाचा. स्वीकारल्याची नोंद झाली कीं पैसे धाडण्याची व्यवस्था यंत्र करी. १४ बाबींऐवजीं तीनच जुळवावयाच्या उरल्या: भागाचा क्रमांक, मोजण्याचें परिमाण आणि पुरवठादाराचा संकेतांक. जेथें हा बदल झाला तेथें माणसें २० नव्हे, ७५ टक्क्यांनीं कमी झालीं.

यांत संगणकाचा वांटा थोडा नाहीं. सामाईक वहीवांचून धक्क्यावर मागणी दिसलीच नसती. तरी खरा बदल निर्णयाच्या जागेंत झाला. पूर्वीं येईल तो माल उतरून घेतला जाई आणि गोंधळ निस्तरण्याची पाळी दूर बसलेल्या कारकुनावर येई. आतां तो गोंधळ दारांतच अडूं लागला. त्यासाठीं धक्क्यावरच्या माणसावर भरंवसा टाकावा लागला, आणि हें यंत्र विकत घेण्याहून कठीण.

देणें-खात्यांतून कमी झालेल्या कारकुनांचें काय, हा प्रश्न त्या लेखांत जवळजवळ आलाच नाहीं. १९९३ सालीं जेम्स चॅम्पी यांच्यासह हॅमर यांनीं लिहिलेल्या पुस्तकाचा मोठा बोलबाला झाला, आणि पुष्कळ कंपन्यांनीं कामाची मांडणी तशीच ठेवून नुसतीं माणसें कमी केलीं व त्यालाच ‘पुनर्रचना’ हें नांव दिलें. १९९६ सालीं हॅमर यांनीं स्वतःच कबूल केलें कीं, आपल्या इंजिनिअरी वळणामुळें या बदलाच्या मानवी बाजूकडे आपलें पुरेसें लक्ष गेलें नव्हतें.