बांगड्याच्या काळ्या मांसातलं इंजिन



बांगडा किंवा कुपा चिरला की कातडीखाली दोन्ही कुशींना काळपट लाल मांसाचा पट्टा दिसतो. पापलेटचं मांस मात्र बहुतेक पांढरंच. गिऱ्हाईक विचारतं, "हे रक्त साकळलंय का?" तसं नाही. ते त्या माशाचं इंजिन आहे, आणि त्याचं डिझेल म्हणजे चरबी.

बांगडा, कुपा दिवसरात्र पोहत असतात. हे न थांबता पोहणं लाल मांस करतं. पांढरं मांस एकदम उसळी मारायला, आणि ते चालतं साठवलेल्या साखरेवर. ती लवकर संपते. 1 ग्रॅम साखरेत 4 कॅलरी, 1 ग्रॅम चरबीत 9. लांबच्या फेरीला कुठलं इंधन भरायचं हे आपल्याला सांगायला नको!

ही चरबी जळते कशी? चरबीतलं आम्ल म्हणजे कार्बनच्या मण्यांची लांब माळ. पेशीत मायटोकाँड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात. तिथे ही माळ टोकाकडून दोन-दोन मणी अशी कापली जाते. फ्रान्झ नूप या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 साली हे ओळखलं. तारलीच्या तेलात पामिटिक आम्ल असतं, 16 मण्यांचं. 7 वेळा कापलं की 8 तुकडे. ते प्राणवायूच्या मदतीने जळतात आणि ताकद एटीपी नावाच्या रेणूत भरली जाते. अशा एका माळेतून साधारण 106 एटीपी मिळतात, ग्लुकोजच्या एका रेणूतून 30 ते 32.

तारली पावसाळ्यात अंडी घालते, तेव्हा तिची चरबी खर्ची पडते. पुढे खाऊन-पिऊन ती पुन्हा भरते, म्हणून थंडीतली तारली तव्यावर तेल सोडते. आपल्या अंगातही हेच चालतं. जाळं ओढायचा पहिला जोर साखरेचा, रात्रभराचं संथ काम बरंचसं चरबीवर.

आता आपल्या धंद्याचं. जिवंत पेशीत प्राणवायू चरबीला शिस्तीत, पायरीपायरीने जाळतो. मासा मेला की ही शिस्त संपते. हवेतला प्राणवायू त्याच चरबीला वाटेल तसा लागतो, लाल मांसातलं लोह त्याला आणखी हात देतं, आणि मासा खवट होतो. ऊन लागलं की हे वेगाने होतं. शिवाय बांगडा, कुपा गरम राहिला तर जिवाणू त्यात हिस्टामाइन तयार करतात. ते खाल्लं तर अंगावर लाली, खाज, उलट्या. आणि ते शिजवूनही जात नाही.

म्हणून तांडेल आणि खलाशी भावांनो, काळ्या मांसाचा मासा जाळ्यातून आला की आधी बर्फात. वजनाइतका बर्फ धरा, थरावर थर द्या, वर झाकण ठेवा. पापलेट थोडा वेळ सांभाळून घेईल, बांगडा नाही घेणार. लिलावात भाव पडतो तो बहुतेक वेळा बोटीवरच्या पहिल्या तासात.