सोळा पृष्ठांचे आवर्तन

आमच्या अण्णांनी कानात बसवायचे यंत्र तिसऱ्याच दिवशी काढले, चष्म्याच्या घरात ठेवले आणि जाहीर केले, "बोलणं ऐकू येतं. गाणं मात्र पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं."

प्रथम मला हा त्यांचा हेकटपणा वाटला. चौकशी केली तेव्हा कळले की म्हातारा खोटे बोलत नव्हता. ही यंत्रे मुख्यतः माणसाचे बोलणे कळावे म्हणून जुळवलेली असतात. तानपुऱ्यासारखा अखंड घुमणारा स्वर त्यांना कधीकधी निव्वळ गोंगाट वाटतो आणि तो ती इमानेइतबारे दाबून टाकतात! शिवाय वयाबरोबर कान जातात ते वरच्या पट्टीकडून. म्हणजे आधी पक्षी जातात, माणसे पुष्कळ मागाहून.

अण्णा चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या किती पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या याची गणती नाही. पण जीव सारा गाण्यात. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव म्हणजे त्यांची पंढरी. रमणबागेतल्या मांडवात शाल, थर्मास आणि मांडीवर वही असा त्यांचा थाट असे. त्या वहीत गवयांचे चेहरे नसत, हात असत. तान घेताना उंचावलेला हात, समेवर पडणारा हात. कान गेल्यावर ही वही बंद झाली. दोन वर्षे त्यांनी पेन्सिलीला शिवले नाही. मराठीचा प्राध्यापक असूनही त्यांच्याशी काय बोलावे हे मला सुचेनासे झाले.

मी बाजारातून एक महागडी चित्रवही आणली. अण्णांनी पानावरून अंगठा फिरवला. "गुळगुळीत आहे. बोलत नाही."

कागद बोलतो म्हणजे पेन्सिलीला अडतो, आणि ते अडणे बोटांना कळते, हे त्यांनी मला खुणांनी समजावले. मग मी शिवाजीनगरला हातकागद संस्थेत गेलो. गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली निघालेली ही संस्था. या कागदासाठी झाड तोडावे लागत नाही. कापसाच्या चिंध्या लागतात. त्यांचा लगदा करायचा, पाण्यात कालवायचा, जाळीच्या चौकटीवर उचलायचा, दाबून पाणी काढायचे आणि वाळवायचे. यंत्रावरच्या कागदात धागे बहुतेक एकाच दिशेने पळतात, म्हणून तो एका बाजूने सरळ दुमडतो आणि दुसऱ्या बाजूने कुरकुरतो. हातकागदातले धागे दाही दिशांना पसरलेले. कसाही दुमडा, तक्रार नाही. कडा मात्र झालरीसारख्या. त्या कापायला मी कात्री उचलली तेव्हा अण्णा दोन वर्षांत प्रथमच माझ्यावर ओरडले. मला फार बरे वाटले.

वही बांधणे मी सोपे समजलो होतो. ऐन आषाढात घरच्या मैद्याची खळ लावली, तीत मोरचूद घालायचे विसरलो, आणि आठ दिवसांत पुठ्ठ्यावर हिरवे रान उगवले! निसर्गाची प्रेरणा म्हणतात ती हीच असावी. शेवटी एका वयोवृद्ध बाइंडरांकडे जाऊन बसलो आणि दिवाळीच्या सुट्टीत जुजबंदी शिकलो. तावाचे चार सारखे तुकडे मधोमध दुमडून एकात एक घालायचे, की झाला एक जुज. घडीवर आरीने भोके पाडायची, दोऱ्याला मेण लावायचे, आणि एकेक जुज शेजारच्याला शिवत जायचे. पुठ्ठ्यावर आईच्या जुन्या खणाचा तुकडा चढवला.

पहिला जुज हाती येताच अण्णा पृष्ठे मोजू लागले. आठ पाने, सोळा पृष्ठे. ते एकदम हसले. "अरे, हा तर तीनताल!" पहिल्या पृष्ठावर सम, पाचव्यावर आणि तेराव्यावर टाळी, नवव्यावर खाली. आणि गंमत अशी की आठव्या-नवव्या पृष्ठांच्या मधेच, जुजाच्या पोटात, शिलाईचा दोरा उघडा दिसतो. शिवणाऱ्याच्या हे मनातही नसते.

मग एकेका जुजाला एकेक वेळ दिली: पहाट, दुपार, तिन्हीसांज, रात्र, आणि शेवटचा पावसाचा. आपल्या रागांना वेळा आहेत, ऋतू आहेत. जुन्या रागमाला-चित्रकारांनी हेच तर रंगवले. त्यांची तोडी हाती वीणा घेऊन रानात उभी असते आणि हरणे तिच्याभोवती गोळा होतात. अण्णांना हरणे नको होती. त्यांना गॅलरीसमोरच्या शेवग्यावरचा दयाळ हवा होता.

चैत्रातल्या पहाटे आम्ही दोघे गॅलरीत बसलो. दयाळ शेपटी उंचावून गात होता; अण्णांना फक्त त्याची उघडमीट होणारी चोच दिसत होती. त्यांनी विचारले, "कसा जातोय?" मला गाता येत नाही, चित्र येत नाही. मी हात वर केला. शीळ चढली तसा चढवला, घसरली तसा आणला, थांबली तिथे थांबवला. अण्णा पक्ष्याकडे बघत नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते. पेन्सिल चालली होती. कागद तिला अडत होता. पानावर पक्षी उतरलाच नाही; उतरली एक वर जाऊन मोडणारी, पुन्हा सावरणारी रेघ, आणि तिच्या कडेला माझा हात.

नववे पृष्ठ त्यांनी प्रत्येक जुजात कोरे सोडले आहे. मी कारण विचारले तेव्हा माझ्या अडाणीपणाची कीव करून म्हणाले, "खाली आहे ना!"

पावसाचा जुज यंदा अर्धाच भरला. पण परवा अण्णांनी माळ्यावरचा तानपुरा खाली काढायला लावला. भोपळ्यावर तळहात ठेवून मला तारा छेडायला सांगितल्या. बराच वेळ डोळे मिटून बसले, मग म्हणाले, "जवारी उतरलीय. उद्या दाखवून आण. आणि येताना सहा ताव घेऊन ये."