विश्लेषण : जुन्या गाडीची मागची सीट का वाजते? आणि ती हलत असेल तर?

जुनी गाडी घरी येते, नारळ फुटतो, बॉनेटवर हार चढतो. पहिल्याच बाजाराच्या दिवशी कोरीटहून नंदुरबारला निघाले की मागून सुरू होते. चुं-चुं, चुं-चुं. खड्डा आला की खडखड. चालवणाऱ्याला इंजिनाच्या आवाजात ते फारसे जाणवत नाही. मागे बसलेल्यांना मात्र सीट आपल्यासोबत पुढे-मागे होते आहे, हे लगेच कळते. यावर सर्वत्र चालणारा उपाय म्हणजे गाण्यांचा आवाज वाढवणे.

बहुतेक वेळा हा दोष किरकोळ असतो, घरच्या घरी निघतो. पण मागच्या सीटच्या आसपासच तिचे लॉक असते आणि सीटबेल्टचे बोल्टही असतात. त्यामुळे नुसता आवाज कोणता आणि सैल झालेला जीवरक्षक भाग कोणता, हे आधी वेगळे करावे लागते.

जुन्या गाडीतच हे का होते?

नंदुरबार जिल्हा गुजरातला खेटून आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. त्यामुळे ‘एमएच ३९’च्या जोडीला ‘जीजे ०५’ची, म्हणजे सुरतची पाटी असलेली जुनी गाडी इकडे दिसणे नवलाचे नाही. अशी गाडी दोन-तीन मालकांच्या हातून आलेली असते आणि प्रत्येकाने काही ना काही बसवलेले असते. कोणी सीट कव्हर घातले, कोणी स्पीकर लावले, कोणी सीएनजी किट बसवले.

यातल्या बहुतेक कामांसाठी मागची सीट काढावी लागते. अनेक छोट्या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीतील पंपाचे झाकणही मागच्या गादीखालीच असते. पंप बदलला, म्हणजे गादी उचलली गेली. गादी पुढच्या बाजूने बहुधा दोन प्लॅस्टिक क्लिपांत अडकवलेली असते. गादीखालची जाड तार त्या क्लिपांत दाबून बसते आणि मागची कड पाठीखाली सरकवलेली असते. काही गाड्यांत क्लिपांऐवजी बोल्ट असतात. घाईत ओढल्यावर क्लिप तुटते किंवा हरवते आणि गादी नुसती वर ठेवून गाडी परत दिली जाते. सीट सैल होण्याची सुरुवात बहुतेक इथूनच होते.

आवाज नेमका कुठला?

‘करकर’ किंवा ‘चुं-चुं’ म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून घासले जात आहेत. ते क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. दाराची कोरडी बिजागरी वाजते तसेच. ‘खडखड’ किंवा ‘टकटक’ म्हणजे मध्ये फट आहे आणि सुटा भाग आपटतो आहे. पहिल्यावर वंगण किंवा मऊ अस्तर चालते. दुसऱ्यावर वंगण ओतून उपयोग नाही, तिथे फटच बंद करावी लागते.

सीटला दोष देण्याआधी डिकी रिकामी करून पाहावी. जॅक, पाना, सैल झालेली स्टेपनी आणि मागच्या काचेखालचा ट्रे यांचा आवाज हमखास सीटचा वाटतो. न लावलेल्या सीटबेल्टचे धातूचे टोक बाजूच्या प्लॅस्टिकवर आपटत असते. हेडरेस्टच्या दांड्याही खुळखुळतात. हे सगळे तपासायला एक पैसाही लागत नाही.

त्यानंतर एकच रस्ता, एकच वेग ठेवून तीन फेऱ्या माराव्यात. एक फेरी सीट नेहमीसारखी ठेवून, दुसरी गादी पूर्ण बाहेर काढून आणि तिसरी पाठ पुढे दुमडून. या फेऱ्यांना मागे कोणालाही बसवायचे नाही. गादी काढल्यावर आवाज थांबला तर दोष क्लिपांत किंवा गादीच्या तारेत. पाठ दुमडल्यावर थांबला तर दोष लॉकमध्ये. दोन्ही वेळा आवाज तसाच राहिला, तर तो सीटचा नाहीच. मागचे शॉकअप किंवा त्यांचे रबर बुश पाहावेत. सीट रिकामी असताना गप्प राहते आणि माणसे बसली की करकरते, असे असेल तर आतल्या सांगाड्याचा जोड किंवा स्प्रिंग तपासावी लागते.

गादी उचलल्यावर काय दिसते?

गाडी अजून घ्यायची असेल, तर सौदा ठरण्याआधीच गादी उचलून पाहावी. विक्रेता गाडी बाहेरून चकाचक करतो, पण गादीखाली फारसे कोणी पुसत नाही. तिथल्या कोपऱ्यांत वाळलेला बारीक गाळ, तारांवर एकसारखा गंज आणि कुबट वास असेल तर गाडीत पाणी शिरलेले असण्याची दाट शक्यता आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहर बुडाले होते. तेव्हाच्या गाड्या आता रस्त्यावर फारशा उरल्या नसतील, पण पुराचे पाणी दर काही वर्षांनी कुठल्या ना कुठल्या शहरात शिरतेच. बोल्टच्या डोक्यांवर पान्ह्याचे ओरखडे, एकाच रांगेत दोन तऱ्हेचे बोल्ट, पत्र्यावर नवा रंग, ही मागून ठोकर बसल्याची खूण असू शकते. वाजणाऱ्या सीटचा एवढा तरी फायदा होतो. ती उचलायला भाग पाडते.

घरच्या घरी काय करता येते?

तुटलेल्या क्लिपसाठी दोरी किंवा तार बांधण्यापेक्षा त्याच मॉडेलची नवी क्लिप मागवावी. ती फार महाग नसते. गादी बसवताना आधी मागची कड पाठीखाली पूर्ण सरकवायची, बेल्टची बकले वर काढून घ्यायची आणि मग पुढची कड ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायची. बकले गादीखाली अडकली की पुढे महिनोन्‌महिने कोणी बेल्ट लावत नाही.

धातूवर धातू घासत असेल तर बिजागरीला थोडे ग्रीस पुरे. प्लॅस्टिक आणि रबरासाठी सिलिकॉन स्प्रे बरा. डिझेल, इंजिन ऑइल किंवा खोबरेल तेल वापरू नये. खनिज तेलाने रबर फुगते आणि खराब होते, तर कोणतेही तेल कपड्यांना लागते आणि त्यावर धूळ बसून आवाज दुप्पट होतो. सीटबेल्टचा पट्टा आणि बकल यांवर काहीच मारू नये. गादीच्या तारेखाली जाड फेल्ट किंवा नमद्याचा तुकडा उत्तम. आपल्याकडे हटकून वापरला जाणारा सायकलच्या ट्यूबचा तुकडा धातूच्या मध्ये चालतो, पण रेक्झीनला लागला की तोच करकरू लागतो.

सर्वात नाजूक जागा पाठीच्या लॉकची

दुमडणारी पाठ वरच्या बाजूला एका लॉकने धरलेली असते. बॉडीवर इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी जाड सळई असते आणि पाठीतले लॉक तिला पकडते. या सळईवरचे प्लॅस्टिक किंवा रबराचे अस्तर झिजले की लॉक आणि सळई यांत जराशी फट पडते आणि खडखड सुरू होते. सोपा उपाय सगळे सांगतात : सळईला टेप गुंडाळा. आवाज थांबतोही.

अडचण इथेच आहे. टेपचे वेढे जास्त झाले तर लॉक सळईवर पूर्ण बसत नाही. पाठ उभी राहते, आवाजही नसतो, मालक खूश असतो आणि सीट मात्र अर्धवट लॉक झालेली असते. म्हणून कापडी टेपचा एकच पातळ वेढा द्यावा. मग पाठ बंद करून वरच्या कडेला धरून दोन्ही हातांनी जोरात पुढे ओढून पाहावी. काही गाड्यांत लॉक पूर्ण लागले नाही तर खटक्याजवळ लाल खूण दिसते. ती पूर्ण नाहीशी झाली पाहिजे. बाजूचा बेल्ट लॉकमध्ये चिमटला तरी असेच होते. अनेक मॉडेलांत ही सळई दोन स्क्रूंवर असते. ते सैल करून सळई मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागे सरकवली आणि पुन्हा घट्ट केली की टेपची गरजच उरत नाही.

एवढी चिंता कशासाठी?

कारण पाठीमागे डिकी आहे. सीटच्या मजबुतीसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १७ क्रमांकाच्या नियमावलीत एक चाचणी आहे. डिकीत प्रत्येकी १८ किलोचे, ३० सेंटिमीटर बाजूचे दोन ठोकळे ठेवून ताशी सुमारे ५० किलोमीटरच्या धडकेचा झटका देतात. ठोकळे आदळले तरी पाठ जागेवर राहून त्यांना अडवते का, हे पाहिले जाते. दोन्ही मिळून ३६ किलो. युरियाची एक गोणी ४५ किलोची असते, सिमेंटची ५०. नंदुरबारच्या बाजारातून परतताना डिकीत काय असते आणि मागच्या सीटवर कोण असते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. लॉक अर्धवट असेल तर त्या दोघांत काहीच नसते.

बेल्टचे तेच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योजक सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल या मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला. त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. पुढच्या सीटवरचे दोघे वाचले. त्यानंतर मागच्या बेल्टची देशभर चर्चा झाली. नियम मात्र आधीपासूनच होता. मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमानुसार बेल्ट न लावल्यास १,००० रुपये दंड आहे.

पण लावलेला बेल्ट ज्या बोल्टवर आहे, तोच सैल असेल तर? हा दोष नव्या गाडीतही येऊ शकतो. मारुती सुझुकीने जानेवारी २०२३ मध्ये ११,१७७ ग्रँड विटारा गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. मागच्या सीटबेल्टचे ब्रॅकेट कालांतराने सैल होण्याची शक्यता, हेच कारण कंपनीने दिले होते. जुनी गाडी घेणाऱ्याने चेसिस क्रमांक देऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये असे काही प्रलंबित आहे का, ते विचारावे. मालक बदलला म्हणून हा हक्क जात नाही, दुरुस्तीही मोफत होते.

गॅरेजला कधी जायचे?

बेल्टचा बोल्ट हलत असेल, बिजागरीचे ब्रॅकेट तडकले असेल किंवा पत्रा गंजून बोल्टचे भोक मोठे झाले असेल, तर घरचे प्रयोग थांबवावेत. बऱ्याच गाड्यांत बेल्टचे बोल्ट इंची मापाच्या बारीक आट्यांचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट त्यात जबरदस्तीने फिरवला तर आटे कायमचे जातात. त्याच मॉडेलचा बोल्ट आणावा आणि तो कंपनीने दिलेल्या मापानेच, टॉर्क पान्ह्याने आवळून घ्यावा.

वेल्डिंगवाल्याकडे नेण्याआधी तर दोनदा विचार करावा. ‘दोन टिपके मारले की झाले’ हे खरे असते, पण बऱ्याच छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या बरोबर खाली असते. टाकी न उतरवता तिथे ठिणगी पाडणे म्हणजे आगीशी खेळ.

सीएनजी गाडीत आवाज सिलिंडरच्या पट्ट्याचा किंवा ब्रॅकेटचा निघाला, तर त्या नटाला पान्हा न लावता अधिकृत किट केंद्र गाठावे. सिलिंडरची दाब-चाचणी दर ३ वर्षांनी करावी लागते. तिथे गेल्यावर सिलिंडरच्या पाटीवरची तारीखही पाहून घ्यावी. सीट वाजायला लागण्याआधीच ती उलटून गेलेली असू शकते.