शहाण्या घोड्याची परीक्षा

समोर आलेले प्रत्येक विधान झिडकारणे किंवा ते करणाऱ्याच्या हेतूंविषयी शंका घेणे म्हणजे चिकित्सक विचार, असा समज बराच रूढ आहे. वास्तविक एखादे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे, त्या पुराव्याचा दुसरा अर्थ लागतो का आणि विधान चुकीचे असेल तर ती चूक कशी उघडकीस येईल, याची शिस्तशीर तपासणी म्हणजे चिकित्सक विचार होय. सर्वांचे हेतू शुद्ध असतानाही निष्कर्ष चुकू शकतो, हे बर्लिनमधील ‘शहाणा हान्स’ या घोड्याच्या प्रकरणातून फार स्पष्टपणे दिसते.

विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाने शिकवलेला हा घोडा बेरजेपासून अपूर्णांकांपर्यंतच्या प्रश्नांची उत्तरे खूर आपटून देत असे आणि मालक दूर असताना परक्याने विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे बहुधा बरोबर येत. १९०४ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या समितीने, जिच्यात सर्कसचा जाणकारही होता, यात हातचलाखी नसल्याचा निर्वाळा दिला. तो खराच होता. पण फसवणूक नाही एवढ्यावरून घोड्याला गणित येते हे सिद्ध होत नाही.

श्टुम्फ यांचे शिष्य ऑस्कर फुंग्स्ट यांनी प्रश्न निराळ्या रीतीने मांडला: उत्तर उपस्थितांपैकी कोणालाच ठाऊक नसेल, तर काय होईल? दोघांनी घोड्याच्या कानात एकमेकांना न कळेल अशी एकेक संख्या सांगायची आणि घोड्याने बेरीज करायची, अशी योजना त्यांनी केली. अशा ३१ बेरजांपैकी जेमतेम ३ बरोबर आल्या, तर उत्तर माहीत असलेला माणूस समोर असताना ३१ पैकी २९. प्रश्न विचारून झाल्यावर माणूस खुराकडे पाहण्यासाठी किंचित वाकतो आणि अपेक्षित आकडा येताच त्याचे डोके नकळत, केसभरच वर उचलले जाते. घोडा ती हालचाल टिपून थांबत असे. महाराष्ट्रातला नंदीबैल मान डोलावतो तो मालकाच्या जाणीवपूर्वक इशाऱ्यावर. इथे मात्र इशारा देणाऱ्यालाच त्याचा पत्ता नव्हता, इतका की फुंग्स्ट यांनाही स्वतःची ही हालचाल आवरणे अवघड गेले.

शेकडो प्रामाणिक साक्षीदारांनी जे साधले नाही, ते आवडता निष्कर्ष खोटा ठरण्याची संधी देणाऱ्या एका चाचणीने साधले. नव्या औषधाच्या चाचणीत खरे औषध कोणाला आणि निष्क्रिय गोळी कोणाला मिळाली हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासून लपवले जाते, त्या ‘द्विअंध’ पद्धतीमागेही हीच दक्षता आहे. अपेक्षा निरीक्षणात मिसळू नये, यासाठी तज्ज्ञाच्या सचोटीवर विसंबणे पुरेसे नसते.

फुंग्स्ट यांचा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. फॉन ऑस्टेनने त्यातला निष्कर्ष कधीच मान्य केला नाही, आणि त्याच्या मृत्यूनंतर हान्स ज्याच्याकडे गेला त्या कार्ल क्राल या व्यापाऱ्याने एल्बरफेल्ड येथे आणखी घोड्यांना गणित ‘शिकवले’. नोबेल पारितोषिकाचे मानकरी मॉरिस मेटरलिंक ते पाहायला गेले आणि भारावून जाऊन त्यांनी त्यावर लिहिलेही.